चंद्रीचा मागचा उजवा पाय

आधुनिक चित्रकला पॅरिसात कशी जन्माला आली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत म्हणतात. असोत बापडे. रनाळ्यात ती कशी जन्माला आली याविषयी मात्र कुणाचाच मतभेद नाही. ती हिंमतरावांच्या घोडीच्या मागच्या उजव्या पायातून जन्माला आली, सन एकोणीसशे सदतीसच्या मार्गशीर्षात. आणि तिला जन्म देताना जे सोसावं लागलं, ते दोधू मास्तरांनी सोसलं.

दोधू मास्तर रनाळ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. धुळ्याला जाऊन दोन परीक्षा पास होऊन आलेले. पण गाव असं, की त्याला चित्र म्हणजे दुकानाचा बोर्ड एवढंच ठाऊक. उखा शिंप्याचा बोर्ड मास्तरांचा, गिरणीचा बोर्ड मास्तरांचा, त्यामुळे मास्तरांचं नाव पडलं ‘बोरडवाला मास्तर’. हे नाव कानी आलं की मास्तर मान ताठ करून निघून जात आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. ‘मी चित्रकार आहे,’ असं ते प्रमिलाबाईंना सांगत. प्रमिलाबाई म्हणत, “शेतस ना. जेवा आते.”

मास्तरांची आणखी एक खोड सांगून ठेवतो, पुढे लागेल. कलेविषयी बोलताना ते शाळेचं शुद्ध मराठी बोलत. राग आला की सरळ अहिराणी.

तर झालं असं. हिंमतराव म्हणजे गावातलं मोठं खटलं, आणि चंद्री म्हणजे त्यांची जीव की प्राण घोडी. पंचकल्याणी! चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. असं जनावर दारात असणं म्हणजे केवढा मान, ते तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. पण आदल्या वर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चंद्री गेली तेव्हा तिच्या मागच्या उजव्या पायात काटा भरला होता आणि पायाला पट्टी होती. तेवढं पुरलं. प्रकाशा गावाकडचे जालमसिंग, स्वतः चार घोड्यांचे धनी, भर बाजारात म्हणाले, “पट्टीखाले पाय काया शे. तीन पायनी पंचकल्याणी!” पट्टीखालचा पाय काळा असल्याचं ते वाक्य वर्षभर तापीच्या दोन्ही काठांनी फिरलं. यंदा पट्टी सोडून घोडी नेऊन दाखवावी, तर चंद्री गाभण, दिवस भरत आलेले.

“मंग जालमसिंगलेच बलावा ना पाय देखाले,” असं कुणीसं सुचवलं.

“मी काय लोकेसले बलाई बलाई घोडीना पाय दखाडू?” हिंमतराव कडाडले. तिकडे जालमसिंगही म्हणत होते, की मी काय दुसऱ्याच्या दारात जाऊन घोडीचे पाय तपासू? दोघांचंही बरोबर होतं. इज्जतीची गोष्ट. शेवटी हिंमतरावांनी तोड काढली. घोडी जाणार नाही, पण घोडीचं चित्र जाईल. बाजारात आपल्या तंबूपुढे उभं राहील आणि सगळी दुनिया बघेल.

ते स्वतः मास्तरांच्या दारी आले. “मास्तर, यंदा मन्हं नाक तुमना हातमा शे.”

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चावडीसमोर सगळ्यांदेखत ते बोलून बसले, “हे चित्र बाजारात मान्य झालं नाही, तर हा दोधू पुन्हा कुंचला हाती धरणार नाही. शाळेत पाढे शिकवीन, पाढे!” बोलताना फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत तेवढं बरं वाटेना.

पहिलं चित्र पंधरा दिवसांत झालं. चंद्री डावीकडून उभी, मानेवर आयाळ, डोळ्यात पाणी. हिंमतराव बराच वेळ बघत राहिले.

“घोडी तं मन्हीच शे. पन चौथा पाय कोठे शे?”

“तो पलीकडे आहे. इथून डोळ्याला दिसत नाही, म्हणून काढला नाही. यथादर्शन म्हणतात याला.”

“तोच पाय तं दखाडना शे, मास्तर! जालमसिंगले बी तोच पाय दिसत नही!”

मास्तरांनी यथादर्शन गुंडाळून ठेवलं. दुसरं चित्र उजवीकडून काढलं. उखा शिंपी सुई थांबवून बघायला आला आणि म्हणाला, “आते डावा पाय लपी गया. जालमसिंग म्हनी, डावा काया शे.” मग दोन्ही चित्रं शेजारी लावावीत म्हटलं, तर दगूबाई, शेजारच्या घरची, कुंपणावरूनच बोलली, “दोन चित्रं म्हंजे दोन घोड्या. हिनं तोंड तिले नि तिना पाय हिले. माले बी समजस, त्यासले नही समजाव?” दगूबाईच्या बोलण्याला तोड नसते. मास्तर त्या दिवशीही जेवले नाहीत.

अशा वेळी माणूस देवाकडे जातो. मास्तर रद्दीकडे गेले. उखाकडे कापड बांधून येणाऱ्या कागदांत त्यांना मुंबईच्या कुठल्याशा मासिकाची पानं सापडली, ‘नूतन चित्रकलेचा उगम व विकास’. ओट्यावर बसून त्यांनी ती तीन वेळा वाचली. फ्रान्स देशातले काही चित्रकार म्हणे खोलीतून बाहेर पडून उन्हात गेले आणि त्यांनी उजेडाचे ठिपके ठिपके केले. लोक हसले. मग एकाने डोंगर न् सफरचंदं ठोकळ्यांसारखी काढली. लोक आणखी हसले. आणि मग दोघातिघांनी विचारलं, की डोळा एका जागी उभा राहतो म्हणून चित्रानेही एका जागी का उभं राहावं? माणूस वस्तूभोवती फिरतो, पुढून बघतो, मागून बघतो; ते सगळं एकाच चित्रात का येऊ नये? ‘आता ही दृष्टी या मंडळींस कोठून लाभली म्हणाल, तर—’ इथे पान संपत होतं. पुढचं पान उखाच्या तंबाखूला गेलं होतं.

पुढचं पान गेलं तर गेलं. मास्तरांना हवं ते मिळालं होतं. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनाही चौथ्या पायाचीच अडचण आली होती, हे कळून त्यांना इतकं भरून आलं, की त्यांनी पाचवीच्या वर्गाला तासभर त्यावर व्याख्यान दिलं. हेडमास्तर दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “आज कमळ होतं ना अभ्यासक्रमात?”

आता घोडीभोवती फिरायचं, तर फिरलंच पाहिजे. मास्तर भरदुपारी हिंमतरावांच्या गोठ्यात गेले. पुढून बघितलं, डावीकडून बघितलं, वहीत टिपलं. मग तो भांडणाचा पाय. त्याच्यामागे, हातभर अंतरावर, ते उकिडवे बसले. बसू नये एवढं शेंबडं पोरही सांगेल, पण पोराने पॅरिसचं वाचलेलं नसतं. चंद्री गाभण, त्यात तिला शेपटीमागून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती. तिने ऐकून घेतलं तेवढं घेतलं.

मास्तर कडब्याच्या गंजीत जाऊन पडले तेव्हा गोठ्यात कुणी नव्हतं, हीच त्यांच्या नशिबाची मोठी कृपा. डाव्या दंडावर खूर उमटला होता. उजवा हात शाबूत होता. घरी येऊन त्यांनी शिडीवरून पडलो म्हणून सांगितलं. प्रमिलाबाई आंबेहळद उगाळून आल्या, लेप लावता लावता त्या जागेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शिडीले खूर ऱ्हातस का?” मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. प्रमिलाबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. त्या तशा फार समजूतदार.

तिसऱ्या चित्राला मोठी चौकट हवी होती. सुतार म्हणाला संक्रांतीनंतर. जत्रा आठ दिवसांवर. मास्तरांनी घरातली एकुलती एक खाट आडवी केली, सुंभ सोडलं आणि लाकडाला दोन धोतरं जोडून ताणली. धोतरं उखाने जोडून दिली, आणि हाताला सवय म्हणून खालच्या कोपऱ्यात एक खिसाही शिवून दिला. “मास्तर, ऱ्हाऊ द्या, खिसा कधी वाया जात नही.” त्या दिवसापासून नवराबायको जमिनीवर झोपू लागली. मास्तर म्हणाले, “कलेसाठी माणसं काय काय सोडतात.” प्रमिलाबाई म्हणाल्या, “मी तं नही सोडी व्हती.”

सहा दिवसांत चित्र झालं. धड आडवं, पण छाती समोरून. तोंड समोरून, पट्टा पुरता दिसावा म्हणून. पुढचे पाय समोरूनही आले आणि बाजूनेही आले. मागचे दोन, शेपूट बाजूला सारून, मागून. त्यातला उजवा सगळ्यांत मोठा, चित्रातून बाहेर येतोय की काय असा. दगूबाई बघून गेली. “इतला पाय काढात तं एक काया टिपका बी लावा. नजर लागी जाई.” हिंमतराव आले, एक फेरी घेतली, दुसरी घेतली. बोटांवर पाय मोजले. मग हळूच म्हणाले, “पाय सर्वा शेतस ना? बास.” पण मास्तरांना त्यांच्या आवाजातली धास्ती ऐकू आली.

रजेच्या अर्जात मास्तरांनी खरं कारण लिहिलं: ‘चित्रासोबत सारंगखेड्यास जाणे.’ हेडमास्तरांनी विचारलं, “चित्राला सोबत लागते? एकटं भितं का ते?” मास्तरांनी अर्ज आणखी पुढे सरकवला. भीत होतं ते चित्र नव्हतं.

गाडीत खाट आडवी घातली, रंगाला धूळ लागू नये म्हणून वरून पांढरी चादर पांघरली, आणि हिंमतरावांचे चार गडी बरोबर घेतले. तापीपर्यंत प्रवास ठीक झाला. पात्राच्या रेतीत चाक आसापर्यंत रुतलं. बैल हलेनात, वेळ चाललेली. मग काय करणार? चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरले. पुढे दोधू मास्तर, हातात रंगाचं मडकं, खाली मान घालून.

पलीकडच्या काठावर जत्रेकरू होते. खांद्यावर खाट, वर पांढरी चादर, पुढे मडकं घेतलेला माणूस. एकामागून एक टोप्या उतरल्या, हात जुळले. एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने रीतीप्रमाणे पाच पावलं खांदा दिला. मग दबक्या आवाजात विचारलं, “कोन व्हतं, भो?”

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. “घोडी शे, बाबा.”

“घोडीले खांदा?” म्हाताऱ्याने खाटेला हात लावून कपाळाला लावला. “भलती पुन्यवान व्हई.”

“मरेल नही, बाबा. जित्ती शे. घर शे,” पुढचा गडी म्हणाला. म्हाताऱ्याने खांदा काढून घेतला तो थेट पाण्यात जाऊन अंघोळच केली.

बाजाराच्या तोंडाशी कारकून बसला होता. आत येणाऱ्या प्रत्येक जनावराची चिठ्ठी झालीच पाहिजे, असा नियम. “जनावर कोणतं?”

“जनावर नाही. चित्र आहे.”

“चित्राचं सदर नाही. घोडा, घोडी, शिंगरू.”

“मग घोडी लिहा.”

कारकुनाने चादर उचलली, चष्मा पुसला, टाकाच्या टोकाने पाय मोजले. “सहा आहेत. सहा पाय म्हणजे दीड जनावर झालं. अर्धं कुठे लिहू?” मास्तरांनी त्याला नूतन चित्रकलेचा उगम समजावून सांगितला. विकासापर्यंत पोचायच्या आत मागची रांग ओरडू लागली. कारकुनाने वैतागून लिहिलं: ‘घोडी एक. पाय सहा, पैकी जादा दोन. बाकी ठीक.’ आणि चिठ्ठी हातात दिली. ती मास्तरांनी उखाने चित्राला शिवलेल्या खिशात घातली. खिसा खरोखरच वाया गेला नाही.

तंबूपुढे चित्र उभं केलं आणि पाऊण तासात माणसांची भिंत उभी राहिली. घोड्यांना कुणी विचारेना. पोट धरून हसत होते लोक! “हाई घोडी शे का खेकडा?” “पुढे चाली ऱ्हायनी का मांगे?” मास्तर चित्राच्या बाजूला ताठ उभे होते, तोंड लालबुंद. हिंमतराव तंबूत जाऊन बसले ते बाहेर येईनात. तेवढ्यात गर्दी फाकली आणि जालमसिंग आले. पिळदार मिशा, हातात चाबूक. त्यांनी चित्र बघितलं, पाय मोजले.

“चार पाय नि एक तोंड, पंचकल्याणी. आठे सहा पाय नि एक तोंड. सप्तकल्याणी!” ते तंबूकडे तोंड करून गरजले, “हिंमतराव! बाहेर या! अशी घोडी तं इंद्रले बी भेटनी नही!”

जो हशा उठला, तो मास्तरांच्या छातीत रुतला. पाढे, ते मनात म्हणाले. बे एके बे.

गर्दीत पुढे एक माणूस खाली बसला होता. तो हसत नव्हता. डोंगरातला, अक्राणीकडचा खात्या. घोंगडी अंथरून, गुडघ्यावर हात ठेवून तो चित्राकडे असा बघत होता, जसं आपण आलेलं पत्र वाचतो. त्याच्या भागात नवस फिटला की घरातल्या भिंतीवर देवाचे घोडे काढतात, आणि काढणाऱ्यांत खात्याचा हात मोठा. चित्र पुरं झालं की जाणता माणूस ते सगळ्यांपुढे वाचतो, काय आलं, काय राहिलं, काय चुकलं ते सांगतो. वाचल्याशिवाय चित्र पुरं होतच नाही. इथे चित्र होतं आणि कुणी वाचत नव्हतं, म्हणून खात्या उठला. बोली त्याची पावरी. पण जत्रेत सगळे बोलतात तशा अहिराणीत तो बोलू लागला, बोट हवेत फिरवत.

“हाऊ मानूस आठे सामने उभा व्हता. घोडीनं तोंड देखं, छाती देखी. मंग हाऊ बाजूले गया. आठे. मंग मांगे गया.” बोट मागच्या उजव्या पायापाशी थांबलं. “आठे हाऊ खाले बठना. हाऊ पाय मोठा शे. कसाले मोठा? हाऊ पाय जवळथीन देखा. भलता जवळथीन.”

मास्तरांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

“तुले समजस हाई?” कुणीतरी विचारलं.

“आमनी भीतवर असंच काढतस. मन्हा बाप काढे, त्याना बाप काढे. जे माहीत शे ते काढतस. डोयाले दिसस तेवढंच काढं, तं देवले कसं काढशी?” तंबाखूला गेलेलं ते पुढचं पान आता मास्तरांना हवंच कशाला? पॅरिसच्या त्या मंडळींना कुठून काय मिळालं ते त्यांचं ते जाणोत. इथे खात्याच्या आजाच्या भिंतीवर घोडे पुढूनमागून एकदमच धावत होते. मास्तरांना एकदम रडूच आलं. आपण एकटे नाही, याचं.

“पन चूक शे,” खात्या म्हणाला. रीतच ती. “बाकीना खूर काया काढात. खोटा शेतस.”

“बराबर!” जालमसिंग पुढे सरसावले. “पांढरा पायना खूर कधी काया ऱ्हास का? पांढरा पाय, तं खूर बी फिक्का, पिवया! हाई लहान पोऱ्याले बी माहीत शे. बोरडवाला मास्तरले घोडामातलं काय समजस? मनमा उनं ते—”

आणि ते थांबले. चाबकाचं टोक मागच्या उजव्या पायावर होतं. तोच पाय, वर्षभर ज्याच्यावर तापीचे दोन काठ भांडत होते. त्याचा खूर फिकट पिवळा होता. त्यावर शिंगासारख्या बारीक रेघा, आणि मध्ये एक तडा.

“मास्तर, हाऊ एकच खूर पिवया कसाले?”

आता मास्तरांचा संताप सुटला. शुद्ध मराठी, यथादर्शन, सगळं गेलं तापीत. “माले काय माहीत कसाले! बाकीना पाय दूरथीन देखात. हाऊ पाय जसा उना तसा काढा!”

“उना? म्हंजे?”

पाय कसा आला ते दाखवायला मास्तरांनी डावी बाही खांद्यापर्यंत सारली. आठ दिवसांचा वळ, निळा, कडेने हिरवा पिवळा, आणि मधोमध तड्याची रेघ. जालमसिंगांनी वळ बघितला. खूर बघितला. पुन्हा वळ बघितला. ते घोड्यात जन्म गेलेले गृहस्थ. ज्याला पांढऱ्या पायाचा खूर कसा असतो हेच ठाऊक नाही, तो माणूस तो खूर मनाने काढू शकत नाही. तो त्याने बघितलाच असणार, आणि तो पाय पांढराच असणार. यातून सुटायला त्यांना वाट नव्हती, आणि एक सांगतो, त्यांनी ती शोधलीही नाही. खानदानी माणूस.

“हिंमतराव!” ते ओरडले, पण आवाज वेगळा. हिंमतराव बाहेर आले. “घोडी पंचकल्याणी शे. मन्ही चूक व्हती.” आणि चार लोकांदेखत मिठी मारली. मग मास्तरांपुढे येऊन हात जोडले. “तुमी बोरडवाला नही, मास्तर. चित्रकार शेतस.”

खात्याने घोंगडीवर सरकून जागा केली आणि मास्तरांना शेजारी बसवलं. त्याच्याकडे काढणाऱ्यांनी काढणाऱ्याला असंच बसवायचं असतं. मास्तरांनी तिथेच रंगाचं मडकं उघडलं आणि खात्याच्या देखरेखीखाली उरलेले खूर पिवळे केले. मागून जालमसिंग म्हणाले, “मन्हा घोडानं बी एक चित्र काढा.” मास्तरांनी मान वळवून गंभीरपणे विचारलं, “घोडा लाथ मारस का?”

चित्र हिंमतरावांच्या बैठकीत गेलं, खाटेसकट. रनाळ्यात बातमी आधीच पोचली होती. मास्तर घरी आले तेव्हा ओट्यावर बायाबापड्यांची गर्दी, आणि मध्ये प्रमिलाबाई, नवं लुगडं नेसून. खाट परत आली नाही हे त्यांनी पाहिलं. मास्तरांना त्यांनी सगळ्यांसमोर बसवलं आणि स्वतःच्या हाताने बाही वर सारली.

दगूबाई पार नाकाजवळ येऊन बघत होती. “इतला चांगला वळ, नि तुमी शिडी शिडी म्हनत!” मग तिने जरा कुजकटपणे विचारलं, “चित्र तं हिंमतरावना घर गयं. तुमनाकडे काय ऱ्हायनं?”

प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “त्यासनाकडे नक्कल शे, माय. अस्सल आमनाकडे शे.”